उजव्या गालावरचा डाग

तो माणूस माझ्या टोपलीपुढे उभा राहिला. हातातल्या कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं आणि खुदकन हसला.

"चणे देऊ?" मी विचारलं.

"देशील गं. आधी तोंड जरा वर कर."

मी तोंड वर केलं. गिऱ्हाईक म्हणालं तर करायचं. त्यानं मागे वळून दोघा-तिघांना हाक मारली. सगळे पागोटीवाले कारकून, रोज माझ्याच टोपलीवरून कचेरीत जाणारे. त्यांनी माझ्याभोवती कडं केलं.

"तीच आहे हो. तो गालावरचा डाग बघा."

"नवरीबाई, दाजीसाहेब काय म्हणतात?"

"चणे आहेरात देणार का विकत?"

ठाकूरद्वारच्या नाक्यावर मी तेव्हा चणे-कुरमुरे विकत होते. मुंबईत ट्रामला घोडे होते त्या काळातली गोष्ट. माझं नाव येसू. दापोलीकडची कुणबीण. नवरा पटकीत गेला, मूल नव्हतं, आणि मुगभाटातल्या चाळीत भिंतीला टेकून झोपण्यापुरती जागा होती. टवाळी मला नवी नव्हती. रस्त्यावर बसणाऱ्या बाईला टवाळी ऐकावीच लागते, जशी धूळ खावी लागते. पण हे काहीतरी वेगळं होतं. हे मला नावानिशी हसत नव्हते, कागदावरून हसत होते.

"काय आहे त्यात? मला दाखवा की," मी म्हटलं.

पहिल्या माणसानं कागद माझ्यापुढे धरला. 'नांगी' नावाचं ते साप्ताहिक. त्यात दर खेपेला एक मोठं टवाळीचं चित्र असायचं. यात लग्न होतं. नवरदेव उघडाबंब, ढेरपोट्या, नेसूचं सोवळं, कपाळाला मुंडावळ्या. तो दाजीसाहेब टेंबे वकील आहे हे मलाही ओळखू आलं, कारण नाक तसलं मुंबईत एकच होतं. भटजी अक्षतांच्या जागी चणे उधळत होते. आणि नवऱ्यापुढे हार घेऊन, डोक्यावर चण्यांची टोपली घेऊन, मी उभी होते.

मीच. आरशात दिसते तश्शी. रुंद कपाळ, जाड भुवया, गालावर चिंचोक्याएवढा डाग. लग्न झाल्यावर भडभुंज्याच्या भट्टीवर कामाला होते, तेव्हा कढईतली तापलेली वाळू उडून भाजलं होतं.

"खाली काय लिहिलंय?"

"दाजीसाहेबांनी अखेर विधवा पत्करली," त्यानं वाचलं. "आणि खरी गंमत पुढंच आहे, तुला नाही कळायची. जानवं बघा हो. उजव्या खांद्यावर घातलंय. अपसव्य. श्राद्धाला घालतात तसं. लग्नात श्राद्ध! चितारी मोठा बेरका आहे."

सगळे पोट धरून हसले. एकानं टोपलीतनं मूठभर चणे उचलून माझ्या डोक्यावर टाकले आणि म्हणाला, "शुभमंगल सावधान."

चणे वेचता वेचता मी विचार करत होते, की माझा आणि दाजीसाहेबांचा संबंध तरी काय. नाक्यासमोरच्या सभागृहात ते विधवांच्या लग्नांवर व्याख्यानं द्यायचे. गाडीतून उतरायचे तेव्हा त्यांचा गडी मला सांगायचा, "ए, टोपली सरकव." मी टोपली सरकवायची. एवढाच संबंध.

•

टवाळी मी पचवली असती. पण त्या वर्षी माझा पाट ठरला होता.

आमच्यात विधवा पाट लावते. व्याख्यानं न ऐकता लावते. बामणांच्या बायकांना जे मिळावं म्हणून दाजीसाहेब घसा कोरडा करत होते ते आमच्यात वाडवडलांपासून चालत आलेलं. फक्त गावकीचा होकार लागतो. गावकी म्हणजे मुंबईत आलेल्या आमच्या गावच्या लोकांची बैठक. तिचा पुढारी बुधाजी माटल, ताडदेवच्या गिरणीत मुकादम. आणि मी जिच्यात जाणार होते ती खोली त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणाऱ्या रघू भुवडची. रघूची पहिली बायको बाळंतपणात गेलेली. नोकरी मुकादमाच्या हातात, पाटही मुकादमाच्या हातात.

रघू त्या संध्याकाळी गिरणीतनं आला तोच कागद घेऊन. केसात कापूस तसाच. माझ्यासमोर उकिडवा बसला.

"गिरणीभर फिरतोय ह्यो," तो म्हणाला. "म्हणत्यात, तुमची बाई बामणाला दिली व्हय रे? मुकादमानं रविवारी बैठक लावलीय."

"मंग तुमी काय म्हनताय?"

 रघू कागद दिव्याकडे धरून बघत बसला. मग माझी हनुवटी बोटानं धरून माझं तोंड दिव्याकडे वळवलं. तोवर त्यानं मला हात लावलेला नव्हता.

"ही तू न्हायीस," तो म्हणाला.

"मीच हाय. आरशात बघत नाय व्हय मी सवताला?"

"आरशात तुला उलटं दिसतं, येडे. तुझा डाग ह्या गालावर हाय, उजव्या. हिचा डाव्या गालावर हाय. बघ की."

मी गालाला हात लावला. खरंच की. आरशात माझा उजवा गाल माझ्या उजवीकडे दिसायचा, कागदावरही डाग माझ्या उजवीकडेच होता. म्हणून मला ती मीच वाटली होती. पण समोरून माणूस बघतो तेव्हा तसं दिसत नाही. कारकून रोज बघायचे, पण त्यांच्या ध्यानात आलं नाही. आणि रघूला कळलं, कारण तो माझ्याकडे बघत होता. मला सांगायला लाज वाटत नाही, त्या वेळी पाटापेक्षा मला त्या गोष्टीचा आनंद झाला होता. माझा डाग कुठल्या गालावर आहे हे जगात एका माणसाला ठाऊक होतं.

"बैठकीत सांगायचं," तो म्हणाला. "ताठ मानेनं सांगायचं."

•

बैठक चाळीच्या अंगणात भरली, दुपारी जेवणं झाल्यावर. पुरुष घोंगड्यावर, बाया कठड्याला. बुधाजी मुकादम भिंतीला टेकून बसला होता. तो आवाज चढवणारा माणूस नव्हता. त्याला गरजच पडत नव्हती.

"येसू," तो म्हणाला, "गावकीची अब्रू छापून आलीय. काय सांगायचंय तुला?"

"मुकादम, ती बाई मी न्हाय."

"टोपली तुझी, डाग तुझा, नाका तुझा."

"डाग कुठल्या गालावर हाय ते बघा की."

मी पदर मागे सारला आणि अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिले, गुरांच्या बाजारात गाय उभी करतात तशी. कागद हातोहात फिरला. म्हातारे डोळे बारीक करून एकदा कागद, एकदा माझा गाल बघत होते. कुणीतरी म्हणालं, "खरंच की, हिचा उजवा हाय." दुसरा म्हणाला, "भाजलेल्या बाया मुंबईत काय कमी हायत?" हसू उठलं, पण ते बरं हसू होतं.

"हे तुझ्या ध्यानात आलं?" बुधाजीनं विचारलं.

"रघूच्या," मी सांगितलं. अभिमानानं सांगितलं.

रघू मान खाली घालून बसला होता, पण कान लाल झालेले मला दिसले.

बुधाजीनं विडा तोंडात सारला, जरा वेळ चघळला. "चांगलं हाय," तो म्हणाला. "मंग ही बाई आपली न्हाय. पुढच्या रविवारी पाटाची सुपारी फोडू."

कठड्यावरच्या बायांनी मला आत ओढलं. एकीनं आपल्या हातातली काचेची बांगडी काढून माझ्या मनगटाला लावून बघितली, बसते का म्हणून. मी तिला म्हटलं, अजून आठवडा आहे. ती म्हणाली, आठवडा काय, हां हां म्हणता जाईल.

•

आठवडा गेलाच नाही. मधेच 'नांगी'चा पुढचा अंक आला.

तोच पागोटीवाला पुन्हा टोपलीपुढे उभा. या वेळी हसत नव्हता, चिडला होता.

"फसवलं की लेकांनी," तो म्हणाला. "आम्ही म्हणत होतो काय कल्पना, काय डोकं. तर म्हणे चूक झाली."

"कसली चूक?"

त्यानं वाचून दाखवलं. ते शब्द मला अजून पाठ आहेत: "गतांकातील चित्रात यज्ञोपवीत अपसव्य दिसल्यामुळे कित्येक धर्मनिष्ठ वर्गणीदारांची मने दुखावली. ही थट्टा नसून चितारी मार्तंड यांचे हातून घाईत झालेला प्रमाद आहे. चित्र दगडावर उलटे काढावयाचे ते सुलटे काढिले गेल्याने कागदावर उलटे उमटले. तरी वाचकांनी त्यातील डावे ते उजवे व उजवे ते डावे समजावे."

"पुन्हा वाचा," मी म्हटलं.

त्यानं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. मी गालाला हात लावून बसले. डावे ते उजवे. गावकीतही वाचता येणारे दोघं होते. रविवार यायला वेळ नव्हता.

मी टोपली शेजारच्या केळीवालीकडे ठेवली आणि 'नांगी'चा छापखाना गाठला.

मार्तंड चितारी तिथेच होता. बघितल्यावर ओळखलं, माझं रोजचं गिऱ्हाईक. सडपातळ, बोटं शाईनं काळी, समोरच्या ओट्यावर बसून चणे खायचा आणि माझ्याकडे टक लावून बघायचा. मला वाटायचं, भुकेला आहे.

"येसूबाई," तो उठून उभा राहिला. "तुम्ही इथं?"

"माझं तोंड इथं आलं, मग मीही आले."

त्याचं तोंड उतरलं. "तुम्हाला त्रास झाला का?"

मी सगळं सांगितलं. पाट, गावकी, डाग. तो खाली बघत ऐकत होता.

"मालकानं सकाळी विषय दिला, दुपारी दगड यंत्रावर चढवायचा होता," तो म्हणाला. "अक्षरं कागदावर लिहून दगडावर उतरवतात, ती सरळ येतात. चित्र मात्र थेट दगडावर उलटं काढावं लागतं. घाईत माझा हात सरळ चालला. मग जानव्यावरून शास्त्रीमंडळी चवताळली. चितारड्याची पोरं जानव्याची थट्टा करतात म्हणाले. मालक म्हणाले, चूक कबूल कर नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"तुमी तुमचं जानवं सुलटं केलंत. माझा गाल बी त्याबरोबर सुलटा झाला."

"मला काय ठाऊक, बाई?"

"बरं. आता एक करा. एवढंच छापा, न्हायतर नुसतं येऊन सांगा, की चित्रातली बाई कुणीच न्हाय. मनातनं काढलेली हाय. एवढं एकच वाक्य."

त्यानं मान हलवली. "मालक म्हणतील, आधी जानवं चुकलं, आता बाई चुकली, तुला येतं तरी काय? आणि खोटं कसं सांगू? काढताना तुम्हीच तर डोळ्यांसमोर होता. दाजीसाहेबांच्या शेजारी कुणीतरी हलकं माणूस हवं होतं. मोठ्या घरची बाई काढली असती तर त्यांनी कोर्टात खेचलं असतं."

"आणि मी खेचत न्हाय."

त्यानं शाईची बोटं फडक्याला पुसली. मग हळूच म्हणाला, "खरं सांगू? चेहरा आवडायचा मला तुमचा. म्हणून काढला."

"आवडला तर चणे घ्यायचे होते, भाऊ. तोंड कशाला घेतलंत?"

तेवढ्यात मागच्या बाजूनं घासल्याचा आवाज आला. एक माणूस दगडावर ओली वाळू टाकून त्यावर दुसरा दगड फिरवत होता, गोल गोल, जात्यासारखा. मार्तंड म्हणाला, "दगड महाग असतात. एक चित्र झालं की घासून कोरा करतात, त्याच्यावर दुसरं." मी जवळ गेले. दाजीसाहेब पुसून गेले होते. भटजीही गेले होते. माझं अर्धं तोंड राहिलं होतं, उजवा गाल, त्याच्यावर डाग. दगडावर सगळं बरोबर होतं. माझा गाल माझ्या बाजूला. घासणाऱ्यानं वर बघितलं नाही. पाण्याचा एक हबका मारला, वाळू पसरली आणि दगड फिरवला.

•

तिथून मी दाजीसाहेबांकडे गेले. मनात म्हटलं, हा तर आपलाच माणूस. विधवांचं लग्न व्हावं म्हणून झटतो. इथं एका विधवेचं होतंय.

ओटीवर तीन-चार वकील मंडळी बसली होती. मला पायरीपाशी थांबवलं. भिंतीवर ते चित्र टांगलेलं होतं, काचेत, सोनेरी चौकटीत. दाजीसाहेब त्यांना तेच दाखवत होते आणि सगळे हसत होते. ज्याची टवाळी केली होती तोच सगळ्यात मोठ्यानं हसत होता.

"अरे, ही तर आमची नवरी," दाजीसाहेब मला बघून म्हणाले. "या बाई, या. बघा, विरोधकांनी आपल्याला काय काय करून ठेवलंय. पण चिडायचं नाही. शिव्या मिळाल्या म्हणजे समजावं की काम रुजतंय."

"माझं काम मोडतंय, साहेब," मी म्हटलं. आणि पायरीवरूनच सगळं सांगितलं.

पाटाचं ऐकून ते फार खूश झाले. मित्रांना म्हणाले, "पाहा, ज्या चालीला आपण झगडतो ती यांच्यात सहज आहे. मी व्याख्यानात घालीन हे."

"घाला साहेब. पण त्याआधी रविवारी एकदा आमच्या चाळीत या. न्हायतर कारकून पाठवा. एवढंच सांगायचं, की चित्रातली बाई कुणीच न्हाय, आमची हिची ओळख न्हाय."

दाजीसाहेबांचा चेहरा गंभीर झाला. ते विचार करायचे तेव्हा मिशीचं टोक पिळायचे, तसं पिळलं.

"नाही, बाई. ते मला करता येणार नाही."

"का?"

"मी उठून सांगितलं की माझा चणेवालीशी काही संबंध नाही, तर त्याचा अर्थ काय होईल? सुधारकाला गरिबाची लाज वाटते. नेमकं तेच तर 'नांगी'ला हवं आहे. मी तुझा इन्कार करणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व तुमचं हाय, साहेब. घर माझं हाय."

एक वकील खोकला. दाजीसाहेब मायेनं हसले. लहान मुलाला हसतात तसं.

"एकाच्या सुखासाठी हजारोंचं कार्य मागे घेता येत नाही. तुझा होणारा नवरा खरा असेल तर कागदाच्या चिठोऱ्यानं डगमगणार नाही. आणि डगमगला, तर असला नवरा नसलेला बरा. हे घे."

त्यांनी मेजावरून एक गठ्ठा उचलून गड्याच्या हाती दिला, गड्यानं माझ्या हाती दिला. पुनर्विवाहावरच्या त्यांच्या व्याख्यानाच्या छापील प्रती.

"चाळीत वाट," ते म्हणाले.

मी दुसऱ्या दिवशी त्या प्रतींच्या पुड्या बांधल्या. कागद चांगला होता, पुडी फुटत नव्हती.

•

रविवारी अंगण गेल्या खेपेपेक्षा जास्त भरलं होतं. आधीच्या बैठकीला न आलेलेही आले होते. कठड्यावर बांगडीवाली होती, तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

बुधाजीनं 'नांगी'तला तो माफीचा मजकूर वाचून घेतला. दोनदा. मग कागद घडी घालून गुडघ्याखाली ठेवला.

"येसू, आता काय?"

"मुकादम, माझं तोंड त्या चितारड्यानं न विचारता काढलं. माझा यात काय गुन्हा?"

"गुन्हा म्या म्हनलं न्हाय. तू म्हनालीस ती बाई तू न्हायीस. गावकीसमोर म्हनालीस. आता कळलं तूच हायीस. गावकीला खोटं सांगितलंस."

"मला तवा ठावं नव्हतं."

"ते तुला ठावं." तो रघूकडे वळला. "रघू, डाव्या-उजव्याचं तूच शोधलंस म्हने."

रघू उभा राहिला.

"मंग मला सांग," बुधाजी अगदी थंडपणे म्हणाला, "पाट लागायच्या आधी, परक्या बाईचं तोंड तू इतक्या जवळनं कवा बघितलंस? कुठं? गालावरचा डाग या बाजूला का त्या बाजूला, आमच्यापैकी कुनाला सांगता आलं न्हाय. तुला आलं."

अंगणात एक जण हसला. हे मात्र बरं हसू नव्हतं.

मी रघूकडे बघत होते. आम्ही दिव्यापाशी बसलो होतो एवढंच. हनुवटीला एक बोट. ते त्यानं सांगितलं असतं तर मी मान वर करून हो म्हटलं असतं. त्याच्या मागे त्याचा थोरला भाऊ बसला होता. गावाकडे आई अंथरुणाला खिळलेली. गावकीनं वाळीत टाकलं तर तिची तिरडी उचलायला चौघं मिळाले नसते, आणि साच्यावरची जागाही गेली असती. हे सगळं मला त्याच्या तोंडावर दिसत होतं, ओळीनं.

"मी न्हाय बघितलं," रघू म्हणाला.

"जरा मोठ्यानं."

"मी तिचं तोंड कवा नीट बघितलं न्हाय. डाग कुठल्या गालावर हाय मला ठावं न्हाय. तिनंच मला सांगितलं, असं असं म्हन."

बुधाजीनं मान हलवली, हिशोब जुळल्यासारखी. "बस खाली."

तो बसला. बाकीचं पटकन झालं. पाट नाही. गावकीला फसवलं म्हणून माझं पाणी बंद, चाळीतली जागा बंद. कुणी शिवी दिली नाही. मी भांडं आणि घोंगडी उचलली तेव्हा बायांनी वाट दिली, एवढी रुंद, की माझा पदरही कुणाला लागू नये.

जिना उतरताना मी उजवा गाल पदरानं झाकला होता. का झाकला, मला सांगता येणार नाही.

•

रघूनं पुढच्या वर्षी पाट लावला. ती बांगडीवालीची बहीण होती. मार्तंड चितारी मोठा झाला, नाटकांचे पडदे रंगवायला लागला. दाजीसाहेब सरकारदरबारी पोचले. 'नांगी' बंद पडली. मी भुलेश्वराच्या बाजूला सरकले. तिथं मला ओळखणारं कुणी नव्हतं.

लिहायला-वाचायला मी पुड्यांच्या कागदावर शिकले. रद्दी शेरावर मिळायची. मी चणे बांधायच्या आधी अक्षर लावत बसायची, अडलं की येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची. मला कुणी शिकवलं नाही आणि मी कुणाचे उपकार मानत नाही. पुन्हा कधी माझ्याबद्दल काही छापलं तर ते वाचायला मला पागोटीवाला लागू नये, एवढंच मनात होतं.

दाजीसाहेब वारल्यावर त्यांचं चरित्र निघालं. जाडजूड, चांगल्या कागदाचं. खपलं नसावं, कारण वर्षा-दोन वर्षांतच त्याचे गठ्ठे रद्दीत आले. एक माझ्याकडेही आला. मी पानं फाडत होते, वाचत होते, फाडत होते. त्यांची परीक्षा, त्यांचं लंडन, त्यांची व्याख्यानं. आणि मग एका पानावर मी.

छाप जरा पुसट होती. पण मुंडावळ्या त्याच, भटजी तेच, टोपली तीच, डाग डाव्या गालावर. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. मी बोट फिरवत वाचलं.

"दाजीसाहेबांवर विरोधकांनी काढलेले एक थट्टेचे चित्र. चित्रातील स्त्री अर्थातच काल्पनिक आहे."

अर्थातच.

दारात जाऊन मागितलं होतं ते वाक्य. एकाकडे मागितलं, तो म्हणाला नोकरी जाईल. दुसऱ्याकडे मागितलं, तो म्हणाला तत्त्व जाईल. आणि आता कुणाचं काही जाणार नव्हतं, तर बघा, कुणी न मागता छापून टाकलं होतं.

"ए म्हातारे, चणे देतेस ना?"

पुढे एक तरुण उभा होता, शाळेतला मास्तर वाटत होता. मी ते पान गुंडाळलं, त्यात चणे भरले, वरचं तोंड दुमडून त्याच्या हातात दिलं. त्यानं चालता चालता पुडी सोडली, दाणे तोंडात टाकले. टाकता टाकता एकदा कागदाकडे बघितलं. मी मान वर करून थांबले, तोंड पुरतं त्याच्याकडे करून.

त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. शेवटचा दाणा संपला, तसा कागद चुरगळला आणि गटारात टाकला.